एका शालीसाठी दिलेला तराफा

मित्रांनो, मी एक जुना तराफा आहे. जवळ या, पण पाय जपून टाका. माझ्या पत्र्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळल्या आहेत, कठड्याच्या सांदीत द्रोण आणि प्लास्टिकचे पेले अडकले आहेत, आणि त्या कोपऱ्यात कुणीतरी कालच ओकून ठेवले आहे. ही घाण पाण्याने आणलेली नाही. पाणी गाळ आणते, शेवाळ आणते, त्याची मला तक्रार नाही. ही माणसांनी आणली. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला किळस आली तर येऊ द्या. मलाही येते.

माझा जन्म मानवतला झाला. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे एक दुकान होते आणि रंगनाथ मिस्त्री तिथले कारागीर. त्यांनी आयुष्यात नाव बनवली नव्हती. ते म्हणाले, "ट्रॉलीतून धान्य भाईर सांडू द्यायचं न्हाई. ह्याच्यात पाणी आत येऊ द्यायचं न्हाई. फरक काय हाय त्यात?" त्यांनी दोन लांबट बंद टाक्या केल्या, त्यांच्यावर जाड पत्रा टाकला, दोन्ही बाजूंना कठडा आणि दोन्ही टोकांना साखळीने खाली सोडायची लोखंडी फळी लावली. त्या फळीवरून जीप किंवा ट्रॅक्टर माझ्यावर चढतो. हाताला सवय होती म्हणून मिस्त्रींनी मागे ट्रॅक्टरला जोडायचा हूकही जोडून टाकला. मग तो पाहून स्वतःच हसले. हूक अजून आहे. त्याला आजपर्यंत काहीही जोडले गेले नाही.

मला ट्रकवर चढवून बोरी गावावरून धरणाच्या पाण्यापर्यंत आणले. पूर्णेवर धरण झाले तेव्हा खालची शेते बुडाली आणि उंचावरचे सावरबेट गाव पाण्याच्या मधोमध राहिले. मी येण्याआधी तिथली माणसे चप्पूने ये-जा करत. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे दोराने बांधून केलेली होडी. तिच्यावर मांडी घालून बसायचे आणि कमरेपर्यंत भिजायचे. मी पहिल्यांदा बेटाला लागलो त्या दिवशी एका बाजूला नारळ फुटला आणि दुसऱ्या बाजूला बौद्ध वस्तीतल्या बायकांनी त्रिसरण म्हटले. मी लोखंडाचा आहे, तरी मला त्या दिवशी बरे वाटले.

माझा चालक नागसेन. तो आधी चप्पू चालवत असे, त्यामुळे त्याला पाण्याच्या खोडी ठाऊक होत्या. थंडीत माझे इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. मग तो इंजिन हवा ओढते त्या तोंडाशी कापडाचा पेटता बोळा धरतो आणि मला शिव्या न देता सुरू करतो. बाकी सगळे शिव्या देतात.

बेटावरची वर्षे चांगली गेली. कापूस, तूर, लग्नाची वऱ्हाडे, आजारी बैल, शाळेतली मुले, सगळे मी वाहिले. कुणी घाण केली तर बेटावरच्या बायका तिथल्या तिथे तोंड सोडत. मी गावाचा होतो.

आता बदलीचे सांगतो.

आमच्याच पाण्यावर तासाभराच्या अंतरावर मोठा घाट आहे. दोन तालुक्यांना जोडणारा रस्ता तिथे पाणी ओलांडतो. तिथे माझ्यापेक्षा मोठा तराफा चालतो. दर हिवाळ्यात त्याला काठावर ओढून घेतात, त्याचे बूड खरवडतात, भोके बुजवतात, रंग देतात. तेवढे दिवस त्याच्या जागी मला नेतात. त्यात मला वाईट वाटायचे कारण नव्हते. एक तराफा आजारी पडला तर दुसऱ्याने त्याच्या जागी उभे राहावे, हे बरोबरच आहे.

पण माझ्या जागी कोण उभे राहणार, हे कुणी विचारले नाही.

पहिल्या वर्षी मोठ्या घाटाचे साहेब बेटावर आले. त्यांनी सरपंच चंद्रभान यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि सगळ्यांसमोर सांगितले की सावरबेट हे मोठ्या मनाचे गाव आहे. चंद्रभान यांची मान इतकी ताठ झाली की त्यांना माझ्याकडे बघता येईना. त्यांनी तिथेच होकार दिला.

शेजारच्या गर्दीतून पार्वतीबाई बोलल्या. त्या वयाने मोठ्या, त्यामुळे सरपंचाला नावाने हाक मारत. "आन आमी काय पाण्यावरून चालत जावं का, चंदर?"

"मावशी, थंडीपुरतंच हाय. सायबानं सोताहून मागितला. गावाचा मान हाय."

"मान तुज्या खांद्यावर पडला बाबा. आमच्या खांद्यावर पोतं पडंल."

लोक हसले. आणि हसून घरी गेले. तेव्हापासून दर हिवाळ्यात साहेब येतात, शाल पडते आणि मी जातो. चंद्रभान यांच्या घरी शालींची चळत झाली आहे. बेटावर पुन्हा चप्पू चालतो.

मित्रांनो, मोठ्या घाटावर मी कुणाला वाहतो ते ऐका. कामाची माणसे थोडी. पलीकडच्या काठावर दत्तराव नावाच्या बागायतदाराचे मोठे रान आहे. तिथे हिवाळाभर हुरडा पार्टी चालते. कोवळ्या ज्वारीचा हुरडा शेकोटीत भाजून, हातावर चोळून, गरम गरम खावा. आपल्या भागात त्याच्यासारखे खाणे नाही. हुरड्याचा दोष नाही. पण मोटारी भरून येणारी माणसे जाताना एक असतात आणि येताना दुसरीच होतात. दाणे काढलेल्या कणसांची बुरकुंडे माझ्यावर फेकतात. चटणीचे कागद फेकतात. मोठमोठ्याने गाणी लावतात. बाटल्या माझ्या कठड्यावर आपटून फोडतात आणि काच तिथेच ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्याच काचेवरून शेतमजूर बायका अनवाणी चढतात.

एकदा नागसेन एकाला म्हणाला, "दादा, पिचकारी जरा पाण्यात मारा."

"पाण्यात?" तो माणूस खरोखर दचकला. "धरणाचं पाणी हाय, लोक पितेत ते!" आणि माझ्यावर थुंकला.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते. रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडतात आणि धरणाचे पाणी रोज थोडे मागे सरकते. काल जिथे घाट होता तिथे आज गाळ असतो. वरून वाळलेला दिसतो, आत लोण्यासारखा असतो. म्हणून आमच्याकडे त्या गाळावर पऱ्हाट्या अंथरायची रीत आहे. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडे. त्यांचा जाड थर दिला की चाक रुतत नाही. ट्रॅक्टरवाले स्वतःच अंथरतात. मोटारवाले तोंड वाकडे करतात.

आता धम्मशीलाचे सांगतो. हेच सांगायला मी एवढा वेळ घेतला.

धम्मशीला नागसेनची बायको. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला परभणीच्या दवाखान्यात डायलिसिसला जावे लागे. यंत्राने रक्त धुवून काढायचे आणि परत यायचे. यंत्रावरची एक पाळी चुकली की तिच्या अंगावर सूज येई, दम लागे. ती माझ्यावर इंजिनाच्या अंगाला बसायची, कारण तिथे ऊब असते. परत येताना थकलेली असे, पण गप्प नसे. नागसेनने वळण जोरात घेतले की म्हणायची, "अवं, बेतानं जरा. आत्ताच रक्त धुवून आणलंय, तुमी घुसळून ताक करायलाव."

"मंग लोणी निगंल," नागसेन म्हणायचा.

"निगंल तर तुमालाच देते. हाडं दिसायलेत तुमची."

आजारी कोण आणि काळजी कुणाची, हे नवख्या माणसाला कळत नसे.

गेल्या हिवाळ्यात शाल पडली आणि माझ्याबरोबर नागसेनलाही मोठ्या घाटावर जावे लागले. त्याने साहेबांना गाठून विचारले, "सायब, सोमवारी आन गुरुवारी सकाळी पैली फेरी बेटाची करतो. बायकूला उतरवतो आन लगेच हितं येतो."

साहेब म्हणाले, "अरे, त्यात विचारायचं काय? माणूस आधी."

काही आठवडे तसे चालले. साहेबांचा शब्द कुणाला अडवत नव्हता तोपर्यंत तो टिकला.

मग एका सोमवारी सकाळीच दत्तरावांचे पाहुणे आले. मोटारींची रांग लागली. पुढे दत्तरावांची स्वतःची पांढरी नवी मोटार. नागसेनने माझा दोर सोडायला घेतला होता. साहेब पळत आले. "नागसेन, एवढी एक खेप टाक. पाहुणे मोठे हायत. पाच मिनिटं."

"सायब, बायकू बसलीया घाटावर."

"पाच मिनिटं म्हणलं ना."

नागसेन माझ्यासारखाच नोकर. त्याने फळी खाली सोडली आणि पऱ्हाट्यांची मोळी उचलली. रात्रीतून पाणी बरेच उतरले होते. दत्तरावांनी काच खाली केली. "काढ त्या काड्या. रंगाला चरे पडतेत."

"गाळ हाय, मालक. रुतंल."

"ही चारी चाकांनी वडती. तुमच्या गावचा ट्रॅक्टर न्हाई हा."

पाहुणे हसले. नागसेनने पऱ्हाट्या बाजूला केल्या. मोटारीची पुढची चाके माझ्या फळीवर आली आणि मागची गाळात बसली. दत्तरावांनी जोर केला तशी ती पोटापर्यंत गेली. आता ती पुढेही येईना आणि मागेही जाईना. तिचे अर्धे वजन माझ्या फळीवर. मी तिथेच दाबला गेलो. मला हलता येईना.

ट्रॅक्टर आणायला माणूस गेला. पाहुण्यांना कंटाळा आला. मग दत्तरावांनी डिक्कीतून कणसे काढली आणि काठावरच शेकोटी पेटवली. ज्या पऱ्हाट्या चाकाखाली नको होत्या, त्याच जाळल्या. रुतलेल्या मोटारीपुढे उभे राहून त्यांनी फोटो काढले. एक बाई म्हणाली, "किती मज्जा येतीये ना, असं काही झाल्याशिवाय ट्रिप लक्षात राहत नाही."

नागसेनने बेटावर फोन लावला. माझ्या शेजारीच तो उभा होता, म्हणून मला दोन्हीकडचे ऐकू येत होते.

"शीला, येतो. मोटार फसलीया."

"सावकास या. मी बसलेय. पार्वतीबाई हायत संगं." मागून पार्वतीबाईंचा आवाज आला, "त्येला म्हणावं, मोटार पाण्यात लोटून दे अन् ये!"

थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "अवं, चप्पूनं जाऊ का? पाळी निघून जाईल. यंत्र दुसऱ्याला देतेत."

"वारं लय हाय. नको."

"मंग काय करू?"

नागसेन साहेबांकडे गेला. साहेब हातात गरम हुरडा चोळत होते. ते म्हणाले, "ट्रॅक्टर निगालाय, आलाच," आणि त्याच्यापुढे हुरड्याची मूठ धरली. "घे, खा."

ती चप्पूने गेली. वाऱ्याने पाणी उसळत होते. ती छातीपर्यंत भिजली. तशीच ओल्या लुगड्याने फाट्यावर एसटीची वाट बघत थांबली. परभणीला पोचली तेव्हा तिची पाळी दुसऱ्याला दिलेली होती. उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी यंत्रावर घेतले, पण तोवर छातीत थंडी भरली होती. त्याच आठवड्यात दवाखान्यातच ती वारली.

ती गेली, एवढेच मला सांगता येते. याहून मोठे शब्द माझ्याजवळ नाहीत.

तिला घेऊन गाडी मोठ्या घाटावर आली. तेव्हा मी लगेच मोकळा होतो! कुणी पाच मिनिटे मागितली नाहीत. मोटारींनी आपोआप मागे सरून वाट केली. कुणीतरी गाळावर पऱ्हाट्याही टाकून ठेवल्या होत्या. साहेब मान खाली घालून उभे होते. दत्तरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "नागसेन, काय लागलं तर सांग रे."

नागसेन म्हणाला, "सोमवारी सांगितलं व्हतं."

मी बरीच वर्षे माणसे वाहिली. पण त्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या त्या हात जोडलेल्या माणसांची मला जेवढी घृणा आली, तेवढी माझ्यावर ओकणाऱ्यांचीही कधी आली नाही. मेलेल्या बाईला त्यांनी जी वाट दिली ती तिला जिवंतपणी हवी होती. ती द्यायला त्यांना काहीही लागणार नव्हते. फक्त मागे सरायचे होते.

नागसेनने नोकरी सोडली नाही. कुठे जाणार? तो सकाळी येतो, इंजिन पुसतो, बोळा पेटवतो. वळण आता फार हळू घेतो. माझ्यावर कुणी नसले तरी हळूच घेतो. घरी जायच्या वेळेला तो कितीतरी वेळ दोर बांधत बसतो, सोडतो, पुन्हा बांधतो. पार्वतीबाई काठावरून ओरडतात, "नागसेन, भाकरी निवायलीय!" मग उठतो.

या हिवाळ्यात बेटावरच्या महारुद्रला तोच आजार निघाला. तरणा शेतकरी आहे. त्याचेही वार तेच, सोमवार आणि गुरुवार. तेव्हा साहेबांना आणि चंद्रभान यांना जाग आली. त्यांनी ठरवले की बदलीच्या दिवसांतही सोमवारी-गुरुवारी मी आधी बेटाची फेरी करायची. चांगले ठरवले. मला वाटले, माणसांना थोडी तरी लाज उरली आहे.

पण लाजेचाही त्यांनी कार्यक्रम केला. मोठ्या घाटावर मांडव उभा राहिला. 'रुग्णसेवा फेरीचा शुभारंभ' असा फलक आला. त्यावर प्रमुख पाहुण्यांचे नाव, साहेबांचे नाव, चंद्रभान यांचे नाव आणि खाली 'सौजन्य' म्हणून दत्तरावांचा फोटो. बेटावर तो फलक दाखवायला आणला तेव्हा पार्वतीबाईंनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचून घेतला. "आन जिच्यापायी फेरी निगाली तिचं नाव?"

साहेब म्हणाले, "मावशी, जागा उरली न्हाई."

"फोटूतलं टक्कल जरा बारकं केलं असतं तर उरली असती."

नागसेन मात्र म्हणाला, "नाव नको, मावशी. फेरी येळंवर निगाली म्हंजी झालं."

तो सोमवार उजाडला. माझ्या फळीच्या तोंडाला लाल फीत बांधली. तिचे एक टोक माझ्या कठड्याला आणि दुसरे मांडवाच्या खांबाला. पाहुण्यांनी ती कापायची, मग मी निघायचे. खुर्च्या मांडल्या. चंद्रभान नवी शाल घेऊन बसले. दत्तराव आले. प्रमुख पाहुणे आले नाहीत.

तिकडे बेटाच्या घाटावर महारुद्र येऊन बसला होता.

"सायब, महारुद्रची पाळी हाय," नागसेन म्हणाला.

"पाहुणे बोरी सोडून पुढं आलेत. आता येतेत."

नागसेन थांबला. उन्हे मांडवावर आली. त्याने पुन्हा विचारले. साहेबांनी फोन लावला, कानाशी धरून जरा लांब गेले, आणि परत येऊन हळूच चंद्रभान यांना म्हणाले, "आजून परभणीतच हायत. चहा घ्यायलेत."

नागसेनने ते ऐकले. तो तडक इंजिनाजवळ आला, बोळा पेटवला आणि मला सुरू केले. साहेबांना वाटले, तयारी करतो आहे. मग त्याने काठाचा दोर सोडला.

"नागसेन!" चंद्रभान खुर्चीतून उठले. "फीत! अरे फीत तुटंल!"

मी मागे सरकलो. फीत ताणली गेली. मांडवाचा खांब वाकला, कापड खाली आले, फलक तोंडावर गाळात पडला. मग फीत तुटली. तिचा एक तुकडा माझ्या कठड्याला फडफडत राहिला.

साहेब गुडघाभर गाळात उतरून ओरडत होते, "आता पाहुणे कापतील काय?"

नागसेनने मागे वळून पाहिले नाही. त्याने इंजिनाला जोर दिला. मी माझ्या आयुष्यात एवढ्या वेगाने कधी गेलो नव्हतो. बेटाच्या घाटावर महारुद्र उभा राहिला होता, त्याच्या बायकोच्या हातात डब्याची पिशवी होती. नागसेनने फळी सोडली. "चल लवकर. एसटी सापडंल."

एसटी सापडली. महारुद्रला यंत्र वेळेवर मिळाले. नागसेनला साहेबांनी जबाब मागितला आहे. त्याचे पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पुढच्या सोमवारीही तो आधी बेटावर गेला, एवढे मी पाहिले.

मित्रांनो, माझे बूड आता गंजले आहे. दोन्ही टाक्यांना ठिगळे आहेत. तुम्ही मला हार घालावा, माझी पूजा करावी, असे मला वाटत नाही. असली पूजा पाहून मला मळमळते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही मोटारी होतील, थंडीत हुरडा खायला तुम्हीही कुठल्यातरी घाटावर याल. खुशाल या. फक्त माझ्यावर चढण्याआधी खाली उतरा आणि चालकाला विचारा की पलीकडे कुणी वाट बघत बसले आहे का. तो हो म्हणाला, तर गाडी मागे घ्या. मी इतक्या गाड्या वाहिल्या, पण मागे जायचा गिअर नसलेली गाडी मी अजून एकही पाहिली नाही.